वज्रलेपाचं गणित

स्वयंपाकघरातल्या कपाटाची सनमायका सुटायला लागली की बहुतेक वेळा ती कडेपासून सुटते. आधी कोपऱ्यात केसाएवढी फट दिसते. त्या फटीवरून रोज ओलं फडकं फिरतं, कणकेचे कण जाऊन बसतात, पावसाळ्यात खालचं लाकूड जरासं फुगतं. मग कुणीतरी सहज नख घालून बघतं आणि चार बोटं पट्टी वर येते. सुतार येतो तेव्हा तो गोंदाचा डबा लगेच उघडत नाही. जुना थर खरवडतो, पॉलिश पेपर मारतो, धूळ पुसतो. मग फेविकॉल लावतो, वर वजन ठेवतो आणि बजावून जातो, उद्यापर्यंत हात लावू नका.

दाराच्या मधोमध लावलेला गोंद तोच, कडेचाही तोच. मग सुटायची सुरुवात कडेलाच का होते? आणि एकदा पडलेली फट किती जोर लावला की पुढे धावते, किती लावला की जागीच थांबते? माणूस निदान दोन लाख वर्षं वस्तू चिकटवतो आहे. इटलीत कॅम्पितेल्लो इथे निअँडरथल माणसांनी बर्च झाडाच्या डांबरात बसवलेल्या दगडी चिपा सापडल्या आहेत. या दोन साध्या प्रश्नांची आकड्यांतली उत्तरं मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

कायमच्या, न पुसल्या जाणाऱ्या गोष्टीला मराठीत वज्रलेप म्हणतात. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज थांबवायला रासायनिक लेप द्यायचा ठरलं की बातम्यांतही हाच शब्द येतो. या शब्दामागे खरीखुरी पाककृती आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेतला एक अध्यायच वज्रलेपाला दिला. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळं, सावरीची फुलं, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड एक द्रोण पाण्यात उकळायचं, आठवा हिस्सा उरला की उतरवायचं, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल असं वाटून घालायचं आणि हा लेप तापवून देवळं, वाडे, मूर्ती, भिंती, विहिरी यांना लावायचा. दुसऱ्या एका प्रकारात जनावरांची शिंगं, केस आणि कातडं लागतं. तिसऱ्यात शिसं, कासं आणि पितळ आठास दोनास एक या प्रमाणात वितळवतात.

आणि हा लेप टिकणार किती? वराहमिहिराचं उत्तर आहे एक हजार गुणिले दहा हजार, म्हणजे एक कोटी वर्षं. हा आकडा मोजून आलेला नाही हे उघड आहे. तरी त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जोडाची ताकद त्यानं वजनात सांगितली नाही, वर्षांत सांगितली. चौदा शतकांनंतर विमानाच्या इंजिनिअरांना हाच प्रश्न पुन्हा उकरून काढावा लागला, आणि तोही फार मोठी किंमत मोजून.

सुताराचा सरस त्याच शिंगा-कातड्याच्या घराण्यातला. आदल्या रात्री भिजत घालायचा, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा, गरम आहे तोवर ब्रशनं फिरवायचा. त्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. इजिप्तमध्ये थीब्झ इथे रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. त्यात सरसाचं भांडं, ब्रश आणि पातळ फळी चिकटवणारे कारागीर दिसतात. सरसाला पाणी आणि ऊब सोसत नाही. मिरजेच्या सतारमेकरांसारख्या वाद्य घडवणाऱ्यांना हीच त्याची खुबी वाटत आली. सांध्याला ऊब आणि ओल दिली की तबली, म्हणजे वाद्याची वरची फळी, न फोडता उचलता येते आणि दुरुस्ती करून पुन्हा बसवता येते. पण जी वस्तू आकाशात न्यायची, तिच्या बाबतीत ही खुबी जिवावर बेतणारी होती.

पहिल्या महायुद्धातली विमानं लाकूड, कापड आणि गोंद यांची होती. त्यात केसीनचा गोंद बराच वापरात होता. केसीन म्हणजे दूध नासवून काढलेलं प्रथिन. त्यात चुना मिसळला की सरसापेक्षा पाण्याला बरं तोंड देणारा गोंद होतो. त्याला बुरशी मात्र लागते, आणि सततच्या ओलीपुढे त्याचंही फारसं चालत नाही. 31 मार्च 1931 रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यात फोकर एफ-10 जातीचं प्रवासी विमान हवेतच पंख मोडून पडलं आणि आतले आठही जण गेले. त्यांत अमेरिकेतला त्या काळचा सर्वांत नावाजलेला फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी होता, म्हणून देशभर हलकल्लोळ झाला. लाकडी पंखात पाणी मुरून आतले चिकटवलेले सांधे सैल झाले होते. वरून प्लायवूड गुळगुळीत होतं आणि आतलं बघायचं तर पंख फाडावा लागत होता. त्या अपघातानंतर अमेरिकी प्रवासी विमानं झपाट्यानं धातूकडे वळली, आणि धातू म्हटला की रिव्हेट आलेच.

गोंदाच्या गणिताचा पहिला धडा मिळाला तो या रिव्हेटांमुळे. 1938 साली जर्मनीत ओलाफ फोल्करसन यानं विमानविज्ञानाच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता, ओढल्या जाणाऱ्या जोडात रिव्हेटांवर जोर कसा वाटला जातो. एका ओळीत दहा रिव्हेट मारले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येईल असं कुणालाही वाटेल. फोल्करसननं दाखवलं की तसं होत नाही. टोकांचे रिव्हेट जास्त ओढतात आणि मधले जवळजवळ नुसते उभे असतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून त्यानं सुटे रिव्हेट पसरून त्यांचा एक सलग, लवचीक थर कल्पिला. दोन पत्र्यांमधला सलग, लवचीक थर म्हणजे दुसरं काय असणार! रिव्हेटसाठी मांडलेलं समीकरण गोंदाच्या जोडाचं पहिलं समीकरण ठरलं, आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत आजही सुरुवात तिथूनच होते.

कागदावर न मांडताही ते समजतं. दोन रुंद रबरी पट्ट्या घ्या, त्यांची टोकं एकमेकांवर चार बोटं चढवून चिकटवा, वरची उजवीकडे आणि खालची डावीकडे ओढा. जोडाच्या उजव्या टोकाशी वरच्या पट्टीत सगळा जोर असतो, म्हणून ती भरपूर ताणलेली असते. खालची तिथेच संपते, तिच्यात जोर शिरलेलाच नसतो, म्हणून ती ताणलेली नसते. एक ताणलेली आणि एक ढिली, या दोघींमध्ये सापडलेला गोंद तिरपा होऊन फरफटतो. डाव्या टोकाशी हेच उलट. मध्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच ताणलेल्या असतात, म्हणून तिथल्या गोंदाला फारसं काम पडत नाही. यावरून निघालेला निष्कर्ष तेव्हाच्या कारागिरांना चमत्कारिक वाटावा असा होता. जोडाची लांबी दुप्पट केली तरी ताकद दुप्पट होत नाही, एका मर्यादेनंतर तर जवळजवळ वाढतच नाही. रुंदी दुप्पट केली तर होते.

सहा वर्षांनी अमेरिकेत मार्टिन गोलंड आणि एरिक राइसनर यांनी यातली राहिलेली गोष्ट उचलली. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांची ओढ एका रेषेत नसते, दोघांमध्ये जाडीएवढं अंतर असतं. त्यामुळे जोर आला की जोड जरा फिरतो, टोकं वाकतात आणि पत्रा गोंदावरून वर उचलला जातो. गोंद सरकवणाऱ्या जोराला नेटानं तोंड देतो, उचकटणाऱ्या जोरापुढे पटकन हार मानतो. लिफाफ्याचं झाकण सरकवून कुणी उघडत नाही, कोपरा धरून सोलतो. सनमायकेच्या कोपऱ्यातलं नख नेमकं हेच करतं.

गोलंड-राइसनर यांचा लेख आला ते साल होतं 1944. त्याच वर्षी हा प्रश्न हिंदुस्थानच्या आकाशात उभा होता.

डी हॅविलंड मॉस्किटो हे ब्रिटिश विमान दुसऱ्या महायुद्धातलं एक नवल होतं. ॲल्युमिनियमची टंचाई असताना ते लाकडात घडवलं आणि 25 नोव्हेंबर 1940 रोजी पहिल्यांदा उडवलं. त्याचं धड मटाराच्या शेंगेसारखं दोन उभ्या अर्ध्यांत तयार होई. साच्यावर बर्चचं पातळ प्लाय, त्यावर हलकं बाल्सा लाकूड, त्यावर पुन्हा बर्च, आणि सगळं गोंदानं एकजीव. दोन्ही अर्ध्यांत तारा, नळ्या बसवून झाल्या की ते मिटून चिकटवायचे. फर्निचर करणाऱ्या कारखान्यांतले सुतार या कामाला लागले. अशी 7,781 विमानं झाली, आणि त्या काळात त्यांच्या वेगाला गाठणारी विमानं थोडीच होती. सुरुवातीला गोंद केसीनचा होता, पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला.

1944 च्या उत्तरार्धात हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटो विमानं पडायला लागली. पंखाच्या वरचं प्लाय आतल्या मुख्य तुळईपासून सुटत असल्याचा संशय होता. कंपनीकडून मेजर हेअरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली चौकशी पथक इकडे आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा निष्कर्ष आला की दोष गोंदाचा नाही, पावसाळी हवेत लाकडी सांगाडा आकसल्यामुळे हे घडलं. पण नंतरच्या एका चौकशीनं बोट थेट कारखान्याकडे दाखवलं. मग इंग्लंडमध्ये डेफर्ड इथे विमान-उत्पादन खात्याच्या तपासनिसांनी मोसमी पाऊस आणि वाळवी कधीच न पाहिलेली मॉस्किटो विमानं तपासली, तर त्यांतही तसेच दोष निघाले. चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच पुरेसा नव्हता. तरीही विमानावरचा विश्वास डळमळू नये म्हणून हवाई मंत्रालयानं अधिकृत कारण तेच ठेवलं : मुख्यतः हवामान.

हा प्रसंग गोंदाच्या इतिहासात सर्वांत जास्त शिकवणारा आहे आणि सर्वांत दुखवणाराही आहे. हवामानाचा हात अगदीच नव्हता असं नाही. लाकूड ओलीनं फुगतं, उन्हानं आकसतं, आणि हा सगळा खेळ सांध्याच्या कडेवर येऊन पडतो. पण नीट चिकटलेला सांधा तो सोसतो, कच्चा सांधा सोसत नाही. कच्चा आणि पक्का सांधा बाहेरून अगदी सारखे दिसतात. युद्धाच्या घाईत काम करणाऱ्या कुणा सुताराच्या हातून एखादी फट गोंदानं नुसती बुजवली गेली असेल, तर ती त्याला दिसली नाही, तपासनिसाला दिसली नाही, आणि बंगालवर उडणाऱ्या वैमानिकाला तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फोल्करसनचं समीकरण गोंद सगळीकडे सारखा लागला आहे असं धरून चालतं. तसं धरण्यात माणसांचे जीव अडकलेले असतात हे या मॉस्किटोंनी दाखवलं.

जर्मन बाजूला याहून वाईट घडलं. फोके-वुल्फ टा-154 या लाकडी विमानाचं प्लाय टेगो नावाच्या गोंद-फिल्मनं जोडलं जाई. ती बनवणारा वुपरटालचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला आणि घाईनं दुसरा गोंद आणला. त्यातलं आम्ल लाकडालाच खाऊ लागलं, आणि 1944 च्या उन्हाळ्यात विमानं हवेत फुटली. त्याच डिसेंबरच्या 10 तारखेला हाइंकेल-162 चा पंख निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत उलगडला आणि चाचणी-वैमानिक गोटहोल्ड पीटर ठार झाला. त्या विमानाचं ते दुसरंच उड्डाण होतं.

केंब्रिजजवळ डक्सफर्ड इथे मात्र एका छोट्या कंपनीत वेगळं काही चाललं होतं. नॉर्मन डी ब्राइन हा मूळचा भौतिकशास्त्रज्ञ आणि विमानांचा वेडा. त्याला कळलं होतं की धातूला धातू चिकटवायचा तर नुसता कडक गोंद चालणार नाही, तो चिवटही हवा. फिनॉलिक रेझिन कडक पण ठिसूळ असतं. त्यानं पृष्ठभागावर ते द्रव रेझिन फासून वर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची पूड भुरभुरवली आणि उष्णता-दाबाखाली दोन्ही एकत्र शिजवलं. रिसर्च आणि डक्सफर्ड या शब्दांची आद्याक्षरं जोडून या गोंदाचं नाव पडलं रेडक्स. आधी तो रणगाड्यांच्या क्लच प्लेटना लागला, मग डी हॅविलंडच्या हॉर्नेट आणि डव्ह विमानांना. 1944 मध्येच डी ब्राइननं एक सुटसुटीत गुणक सुचवला : पत्र्याच्या जाडीचं वर्गमूळ भागिले जोडाची लांबी. ड्रॉइंगबोर्डावर वाकलेल्या माणसाला सगळं समीकरण सोडवायला वेळ नसतो, म्हणून हा गुणक त्याच्या फार उपयोगी पडला. हॉलंडच्या फोकर कंपनीनं पुढे रेडक्स उचलला. त्यातून झालेलं एफ-27 फ्रेंडशिप हे विमान इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यातही होतं. त्यातून प्रवास केलेल्या किती जणांना कल्पना होती की धडाचे पत्रे रिव्हेटाइतकेच गोंदाच्या भरवशावर आहेत?

इथवरचा विचार ताणाचा होता. कुठे किती ताण पडतो ते काढा, गोंद किती सोसतो ते मोजा आणि तुलना करा. पण यात एक मोठी अडचण होती. गोंदाच्या टोकाशी, जिथे पत्र्याची कड तीक्ष्ण कोन करते, तिथला ताण गणितात अनंत येतो. अनंत ताण कोणताच गोंद सोसणार नाही, म्हणजे हात लावताच प्रत्येक जोड तुटायला हवा. प्रत्यक्षात तो तुटत नाही.

ही अडचण सुटली एका जुन्या, काचेवरच्या कामामुळे. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ॲलन ग्रिफिथनं 1920 च्या सुमारास काच तापवून तिचे धागे ओढले आणि ते तोडून बघितले. मिलिमीटरभर जाडीच्या काडीपेक्षा मिलिमीटरच्या तीन हजारांश जाडीचा धागा, क्षेत्रफळाच्या मानानं, सुमारे वीसपट जोर सोसत होता. काच तीच, मग फरक का? कारण जाड काडीत सूक्ष्म चिरांना जागा जास्त. ग्रिफिथनं प्रश्नच फिरवला. चिरेच्या टोकाशी ताण किती हे विचारू नका. चीर पुढे सरकली तर साठलेली ऊर्जा किती मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग उघडायला किती खर्च पडते, ते विचारा. जमा खर्चापेक्षा मोठी झाली की चीर धावते, लहान असेल तर थांबते. 1950 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विननं हा विचार धातूंना लागू केला. त्या मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेला आज जी हे अक्षर वापरतात ते ग्रिफिथच्या नावावरून.

कोकणातल्या, घाटावरच्या बुरुडाला हे हातानं ठाऊक असतं. तो बांबूच्या तोंडाशी कोयता ठोकतो, जराशी फट पाडतो, मग कोयता नुसता फिरवत नेतो. चीर पात्याच्या पुढे पुढे धावते. ती एका बाजूला कलायला लागली की जाड बाजू जास्त वाकवून तो तिला मध्यावर आणतो. 1960 च्या दशकात एडवर्ड रिपलिंग आणि शेल्डन मोस्टोव्हॉय यांनी गोंदासाठी जी चाचणी बसवली, ती तत्त्वानं अशीच आहे. दोन लांब पट्ट्या चिकटवायच्या, एका टोकाला फट ठेवायची, तिथून दोन्ही पट्ट्या उचकटत न्यायच्या आणि चीर किती पुढे गेली, किती जोर लागला ते टिपत राहायचं. त्यातून निघते दर चौरस मीटरला किती ज्यूल. काच दहाच्या आसपास मागते, साधा ठिसूळ इपॉक्सी शंभर-दोनशे, आणि पोटात रबराचे सूक्ष्म कण घातलेला इपॉक्सी हजाराच्या पुढे जातो. डी ब्राइनला हवा असलेला चिवटपणा आता आकड्यात मांडता आला.

ताणवाल्यांचं कामही थांबलं नव्हतं. 1973 मध्ये कॅलिफोर्नियात डग्लस कंपनीच्या हार्ट-स्मिथनं नासासाठी मोठं काम केलं आणि जोडाच्या रिकाम्या बसलेल्या मध्यभागाला त्याचा मान परत दिला. टोकांचा गोंद जोराखाली नमतो, सरकतो. जोर सतत राहिला तर तो थोडाथोडा सरकतच जाईल. मधला गोंद ताणाशिवाय बसलेला असतो म्हणूनच तो जोडाला जागेवर धरून ठेवतो, आणि जोर उतरला की टोकांना परत ओढून आणतो. लांबी वाढवून तात्पुरती ताकद वाढत नसेल, आयुष्य वाढतं. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ॲडम्स आणि पेप्पिएट यांनी संगणकावर जोडाचे लहान लहान तुकडे पाडून हिशेब केला, तेव्हा कळलं की कडेतून ओघळून बाहेर आलेला गोंदाचा उतार टोकाचा ताण बराच कमी करतो. सुतार सफाईसाठी जो ओघळ फडक्यानं पुसतो, तो ताकदीसाठी ठेवायला हवा.

आता पुन्हा पाण्याकडे यायला हवं, कारण पाणी कुणालाच सोडत नाही. 1960 च्या दशकातल्या गोंद लावलेल्या अनेक विमानांचे जोड काही वर्षांत ॲल्युमिनियमपासून साफ सुटायला लागले. गोंद फाटत नव्हता, तो पत्र्यावरून नुसता निघून येत होता. पाणी कडेनं आत जाऊन ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थरच बदलून टाकत होतं. बोइंगनं फॉस्फरिक आम्लात पत्र्यावर टिकाऊ, सच्छिद्र थर चढवण्याची रीत आणली. तिची परीक्षा साधी होती. दोन पट्ट्या चिकटवायच्या, मध्ये पाचर ठोकायची, चिरेच्या टोकाशी खूण करायची आणि नमुना 50 अंशांच्या दमट पेटीत ठेवायचा. तासाभरानं काढून भिंग लावून बघायचं, चीर खुणेपुढे किती गेली. ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चांगला आणि वाईट पृष्ठभाग सारखेच पास होत. पाचर आणि ओल मिळून त्यांतला खरा फरक उघड करत.

28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर 24,000 फुटांवर उडून गेलं. साडेपाच मीटर लांबीचा भाग गेला. 95 जण विमानात होते. जागेवर पट्ट्यानं बांधलेले प्रवासी वाचले. मधल्या वाटेत उभी असलेली हवाईसुंदरी क्लाराबेल लान्सिंग बाहेर ओढली गेली आणि ती कधीच सापडली नाही. 65 जण जखमी झाले. वैमानिकांनी ते उघडं विमान माऊई बेटावर उतरवलं. एका प्रवासी बाईला चढताना दाराजवळच्या पत्र्यावर चीर दिसली होती, पण ती कुणाला बोलली नाही.

विमान 1969 चं होतं. त्या काळात धडाच्या पत्र्यांचे उभे जोड इपॉक्सीत भिजवलेली पातळ जाळी मध्ये घालून खोलीच्या तापमानालाच चिकटवत, आणि वरून तीन ओळी रिव्हेट मारत. ही जाळी वापरेपर्यंत अतिथंड ठेवावी लागे. बाहेर काढली की तिच्यावर दव धरायचं, आणि काही ठिकाणी गोंद पत्र्याला धड धरायचाच नाही. बेटाबेटांमधली छोटी उड्डाणं, खारी हवा, दर उड्डाणाला धड फुगणार आणि आकसणार, असे 89,680 फेरे झाले होते. गोंदानं हात सोडला तसा सगळा भार रिव्हेटांवर आला. पातळ पत्र्यात खोलगट भोकं पाडल्यामुळे त्यांची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. त्या धारांतून, भोकामागून भोकात, थकव्याच्या चिरा निघाल्या आणि एके दिवशी एकमेकींना जाऊन मिळाल्या. फोल्करसनला परिचित असलेली सगळी पात्रं या जोडात होती : पत्रे, रिव्हेट, सलग थर, टोकाची ओळ. त्याच्या समीकरणात नव्हतं ते दव.

ताण आणि ऊर्जा या दोन वाटा एकत्र आल्या त्या फणसाच्या चिकासारख्या एका कल्पनेत. फणस कापून झाल्यावर दोन बोटं एकमेकांना टेकवून दूर केली की चिकाचे तार निघतात. आधी ते जोर धरतात, मग लांबत लांबत बारीक होतात आणि तुटतात. मॉस्कोत ग्रिगोरी बॅरनब्लॅटनं 1959 मध्ये आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डगडेलनं 1960 मध्ये चिरेच्या टोकाशी असाच एक पट्टा कल्पिला, जिथे दोन पृष्ठभाग थोडे सुटले आहेत पण अजून एकमेकांना ओढून धरतात. मग अनंत ताण उरत नाही. तार किती जोर धरतात ती ताकद झाली, आणि तुटेपर्यंत जोर व अंतर यांच्या आलेखाखाली जेवढं क्षेत्र येतं ती ऊर्जा झाली. स्वीडनमध्ये हिलरबोर्गनं 1976 मध्ये काँक्रीटसाठी आणि 1987 मध्ये अमेरिकेत ॲलन नीडलमननं हे संगणकाच्या हिशेबात बसवलं. आज मोटारीच्या दरवाजापासून पवनचक्कीच्या पात्यापर्यंत कोणत्याही चिकटवलेल्या वस्तूचं मोडणं संगणकावर बघतात ते याच रीतीनं : गोंदाच्या जागी हजारो काल्पनिक तार, प्रत्येकाला ताकद आणि ऊर्जा दिलेली.

पण फणस कापण्याआधी कोकणातली बाई काय करते? हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळते. चीक तोच, तार तेच, पण ते धरायला जागा नाही. पत्र्यावरचं बोटाचं तेल, साच्यातून सुटायला लावलेलं मेण, दवाचा पापुद्रा, हे सगळं त्या खोबरेलाचं काम करतं. ही तेलकट जागा जोड बंद झाल्यावर कुणाला दिसत नाही. हॉलंडमध्ये फोकरच्या श्लीकेलमन यांनी जोड तपासायला बाँड टेस्टर बनवला, पुढे अल्ट्रासाउंडची यंत्रं आली. गोंदात पोकळी असेल तर ती सापडते. पण गोंद पत्र्याला टेकलेला आहे आणि धरत मात्र नाही, अशा जोडातून ध्वनिलहर अगदी निरोगी जोडासारखी आरपार जाते. अशा जोडाला इंग्रजीत चुंबनाचं नाव दिलं आहे, आणि त्याचा खात्रीचा शोध लावणारं यंत्र कारखान्यांना अजून मिळालेलं नाही.

म्हणून विमानांच्या नियमांत संगणकाचं मॉडेल एकटं पुरत नाही. ज्या जोडाच्या सुटण्यानं विमान जाईल, त्याच्याबद्दल अमेरिकी नियम तीन वाटा देतात : प्रत्येक तयार भागावर खरोखर जोर देऊन बघा, किंवा प्रत्येक जोडाची ताकद सांगणारी खात्रीची तपासणी दाखवा, किंवा गोंद सुटला तरी ठरावीक अंतरापलीकडे चीर जाणार नाही अशी रचना करा. दुसरी वाट बंद आहे आणि पहिली फार महाग पडते. त्यामुळे कार्बन फायबरच्या नव्या विमानांतही इंजिनिअर गोंदाच्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर बोल्ट किंवा रिव्हेट टाकतात, म्हणजे धावणारी चीर तिथे येऊन अडेल. कारखान्यांत त्यांना चिकन रिव्हेट म्हणतात, भित्र्याचे रिव्हेट. किती अंतरावर एक टाकायचा, हे ठरवताना पुन्हा तोच हिशेब करावा लागतो : जोडातला किती जोर गोंदातून जातो, किती रिव्हेटातून, आणि ओळीतल्या टोकाच्या रिव्हेटावर किती येतो.